कर्करोग-चिकित्सेतील औषधतज्ज्ञ : मात्रा, मार्ग आणि शंका

'कंपाउंडर' हा शब्द मराठीत रूढ झाला त्याला आता पुष्कळ काळ लोटला. डॉक्टरांच्या दवाखान्यात लाकडी फळीमागे उभा राहून निरनिराळ्या बरण्यांतील द्रव्ये मोजून मिसळणारा, आणि काचेच्या बाटलीस कातरलेली कागदाची पट्टी चिकटवून 'एका वेळेस एक खूण' असे बजावणारा हा गृहस्थ जुन्या पिढीतील वाचकांस चांगला आठवत असेल. पुढे तयार गोळ्यांचे युग आले, मिश्रणे कारखान्यात होऊ लागली आणि औषध बनविणारा हा औषध देणारा झाला. सर्वसामान्य समजुतीत औषधविक्रेता आणि औषधतज्ज्ञ यांत आज फारसा भेद उरलेला नाही. परंतु रुग्णालयाचा एक विभाग असा आहे की जेथे हे मोजण्यामिसळण्याचे कार्य परत आले आहे, आणि तेही पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जबाबदारीनिशी. तो विभाग कर्करोगाचा होय. येथे औषध पाकिटातून निघून सरळ रोग्याच्या हाती जात नाही. प्रत्येक रोग्यासाठी ते त्या त्या दिवशी, त्याची उंची, वजन, मूत्रपिंड व रक्त यांचा हिशेब घेऊन, स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. ते सिद्ध करणाऱ्या, आणि त्याआधी ते द्यावे की न द्यावे याविषयी शंका उपस्थित करणाऱ्या औषधतज्ज्ञाच्या कार्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे.

नाशिकच्या दृष्टीने हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, आणि त्यानंतर कित्येक दशके उत्तर महाराष्ट्रातील कर्करोग्याचा मार्ग ठरलेला असे. मनमाड किंवा नाशिकरोड स्थानकावर गाडी पकडावयाची, दादरला उतरावयाचे आणि परळला एखाद्या धर्मशाळेत, ती न मिळाल्यास पदपथावर, मुक्काम करावयाचा. औषधाचा एक फेरा तीन आठवड्यांचा धरला आणि असे सहा फेरे धरले, तर हे शेत, दुकान, मुलांची शाळा सोडून चार महिन्यांहून अधिक काळाचे स्थलांतर होते. आज नाशिक शहरातच मुंबई नाक्याजवळील मानवता कर्करोग केंद्र, पेठ रस्त्यावरील नामको न्यासाचे रुग्णालय यांसारख्या संस्थांत कर्करोगावर उपचार होतात, आणि शेजारच्या जिल्ह्यांतील रोगीही नाशिकची वाट धरतात. २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने आरंभिलेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या आरोग्ययोजनेत रसायनोपचारांचा समावेश झाल्याने गरीब रोग्यासही त्यांचा लाभ घेता येऊ लागला. भारतात २०२२ साली कर्करोगाचे सुमारे १४.६ लाख नवे रोगी आढळतील असा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाचा अंदाज होता. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तर तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोग्यांसाठी दिवसभराचे उपचारकेंद्र उघडण्याचे घोषित केले. औषध रोग्याच्या गावाजवळ येत आहे ही अत्यंत इष्ट गोष्ट होय. मात्र त्या औषधाबरोबर त्याची पडताळणी करणारा मनुष्यही येत आहे काय, हा प्रश्न जितक्या आग्रहाने विचारला जावयास हवा तितका विचारला जात नाही.

ही औषधे इतर औषधांहून वेगळी का, हे प्रथम पाहू. त्यांचा उगमच मुळी विषात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकेतील येल विद्यापीठात युद्धवायूच्या कुळातील नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य लसीकाग्रंथींच्या कर्करोगावर प्रथम वापरले गेले. युद्धकालीन गुप्ततेमुळे त्याची वार्ता १९४६ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकली नाही. त्यानंतर लवकरच बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या बालकांना अमिनॉप्टेरिन देऊन तात्पुरता का होईना, पण उतार पाडला, आणि १९४८ साली तो वृत्तान्त प्रकाशित केला. ते द्रव्य लेडर्ले प्रयोगशाळेत ज्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्याच देशातले, आंध्रातील भीमावरमचे. या दोन्ही औषधांचा आणि त्यांच्या पुष्कळशा वंशजांचा गुण एकच : जी पेशी विभागते तिच्यावर ती आघात करतात. कर्कपेशी विभागते, पण अस्थिमज्जेतील, आतड्याच्या अस्तरातील आणि केसांच्या मुळांतील पेशीही विभागतात. त्यामुळे रोग हटविणारी मात्रा आणि रोग्यास संपविणारी मात्रा यांत अंतर फार थोडे राहते. पॅरासिटमॉलची एखादी गोळी जास्त झाली तर सहसा काही बिघडत नाही. येथे दशांशचिन्ह एक घर सरकले तर मनुष्य जातो.

म्हणून ही औषधे बहुधा वजनावर न देता शरीराच्या पृष्ठक्षेत्रावर देण्याची पद्धत पडली. पृष्ठक्षेत्राचे सूत्र ड्युबॉय यांनी १९१६ साली मांडले. आज अधिक वापरले जाते ते १९८७ सालचे मोस्टेलर यांचे सोपे सूत्र : सेंटिमीटरमधील उंचीस किलोग्रॅममधील वजनाने गुणावे, ३६०० ने भागावे आणि वर्गमूळ काढावे. एखाद्या स्त्रीची उंची १५० सेंटिमीटर व वजन ५४ किलो असेल, तर तिचे पृष्ठक्षेत्र बरोबर १.५ चौरस मीटर येते. डॉक्सोरुबिसिन हे औषध दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम द्यावयाचे ठरले असेल तर तिची मात्रा ९० मिलिग्रॅम झाली. आता हीच स्त्री चौथ्या फेऱ्यास येते तेव्हा तोंड आल्यामुळे व अन्नावरची वासना गेल्यामुळे ४२ किलोवर उतरलेली असते. नव्याने हिशेब केल्यास मात्रा ७९ मिलिग्रॅमच्या आसपास येते. परंतु कागदावर पहिल्या दिवशीचे वजनच पुढे उतरत आलेले असेल तर तिला, अशक्त झालेल्या अवस्थेत, ९० मिलिग्रॅमच मिळतील. हे सांगण्यास क्षुल्लक वाटते. तरी औषधतज्ज्ञाचे निम्मे काम अशा क्षुल्लक वाटणाऱ्या ठिकाणी असते. वजन आज केले काय? उंची मोजली की विचारली? डॉक्सोरुबिसिनची आयुष्यभराची एकूण मात्रा दर चौरस मीटरला साधारणतः ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास हृदयाचे स्नायू दुबळे होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. मग पूर्वी दुसऱ्या गावी, दुसऱ्या रुग्णालयात तिला हे औषध किती मिळाले होते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा रोग्याच्या पिशवीतील चुरगळलेल्या कागदांतून शोधून काढावे लागते.

सूत्र कसे फसवू शकते याचे एक उदाहरण येथे सविस्तर देतो, कारण आपल्याकडील रोग्यांच्या बाबतीत ते विशेष महत्त्वाचे आहे. कार्बोप्लॅटिन हे औषध जवळजवळ सर्वस्वी मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते; सबब त्याची मात्रा पृष्ठक्षेत्रावर न ठरविता मूत्रपिंडांच्या कार्यक्षमतेवर ठरवावी असे कॅल्व्हर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवून दिले. कार्यक्षमतेचा आकडा, मिनिटाला मिलिलिटर या मानात, घ्यावा, त्यात २५ मिळवावे आणि येणाऱ्या बेरजेस रक्तात अपेक्षित असलेल्या औषधप्रभावाच्या अंकाने, बहुधा ५ किंवा ६ ने, गुणावे. हा कार्यक्षमतेचा आकडा सामान्यतः रक्तातील क्रिएटिनिनवरून कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या १९७६ सालच्या सूत्राने काढतात. आपली ती ५४ किलोची स्त्री ६० वर्षांची आहे आणि तिचे क्रिएटिनिन ०.९ आहे असे समजू. कार्यक्षमता सुमारे ५७ येते आणि मात्रा, ५ हा अंक धरल्यास, सुमारे ४०८ मिलिग्रॅम. क्रिएटिनिन १.५ असते तर हीच मात्रा २९५ झाली असती. येथवर सूत्र उत्तम काम करते.

आता समजा क्रिएटिनिन ०.४ आले. सूत्र म्हणेल की मूत्रपिंडे तरुण मुलीसारखी काम करीत आहेत, आणि मात्रा ७६० मिलिग्रॅमच्या वर नेऊन ठेवील. परंतु क्रिएटिनिन हे स्नायूंतून उत्पन्न होणारे द्रव्य आहे. ज्या स्त्रीचे स्नायू उपासमारीने व रोगाने झडून गेले आहेत तिच्या रक्तात ते कमी असते ते मूत्रपिंडे बळकट आहेत म्हणून नव्हे, तर स्नायूच उरलेले नाहीत म्हणून! सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या एखाद्या पाड्यावरून येणाऱ्या कृश रोग्याच्या बाबतीत हा धोका नित्याचा समजावा. म्हणून कित्येक ठिकाणी क्रिएटिनिन ०.७ च्या खाली धरावयाचे नाही असा नियम केलेला असतो. तसे केल्यास वरील मात्रा ७६० वरून ४८९ वर येते. अमेरिकेच्या औषधप्रशासनाने २०१० साली कार्यक्षमतेचा आकडा १२५ च्या वर न धरण्याची सूचना दिली, तिचा हेतूही तोच. संगणकात सूत्र बरोबर घातलेले असते, बेरीज-गुणाकारही बरोबर येतो, आणि तरीही उत्तर चुकीचे असते. ते चुकीचे आहे हे ओळखण्यास खाटेवरील मनुष्याकडे एकदा पाहिलेले असावे लागते. औषधतज्ज्ञाने केवळ औषधखोलीत बसून राहू नये, वॉर्डात जावे, असा जो आग्रह आज धरला जातो त्याचे याहून चांगले समर्थन प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

मात्रेइतकाच औषधाचा मार्गही महत्त्वाचा. महाराष्ट्रातील असंख्य अंगणांत, तुळशीवृंदावनाच्या आसपास, गुलाबी-पांढऱ्या फुलांची सदाफुली वर्षभर फुललेली असते. तिच्याच पानांतून कॅनडातील नोबल आणि बिअर यांनी १९५८ साली विनब्लास्टिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. तिचेच दुसरे अल्कलॉइड विनक्रिस्टिन १९६३ साली अमेरिकेत वापरास मान्य झाले. (सह्याद्रीतील नरक्या या झाडातही कॅम्प्टोथेसिन हे कर्कविरोधी द्रव्य असल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखविले. कॅम्प्टोथेसिन ज्या चिनी वृक्षात प्रथम सापडले त्याच्याशी आपल्या या ओबडधोबड झाडाचे फारसे नातेही नाही. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.) विनक्रिस्टिन शिरेतून दिले असता रक्ताच्या कर्करोगाच्या बालकाचे प्राण वाचविण्यास साहाय्य करते. तेच औषध चुकून पाठीच्या कण्यातील मेरुद्रवात गेले तर मज्जारज्जू व मेंदू यांचा नाश होऊन रोगी बहुधा दगावतो. यावर उतारा नाही. अशा अपघाताची पहिली नोंद १९६८ सालची आहे. त्यानंतरही निरनिराळ्या देशांतून तशाच वार्ता येत राहिल्या. २००१ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहम येथे अठरा वर्षांचा एक तरुण याच रीतीने मृत्यू पावला आणि तेथील शासनास चौकशी करावी लागली.

ही चूक होते कशी? याच बालकांना मेथोट्रेक्सेट हे दुसरे औषध खरोखरच मेरुद्रवात द्यावयाचे असते. दोन्ही औषधे लहान पिचकाऱ्यांत भरलेली, पुष्कळदा एकाच दिवशी, एकाच तबकात आलेली. 'केवळ शिरेतून द्यावे, अन्य मार्गाने प्राणघातक' अशी चिठ्ठी पिचकारीवर लावण्याची प्रथा जुनीच होती. पण थकलेल्या माणसाचा हात चिठ्ठी वाचून थांबतोच असे नाही. मग औषधतज्ज्ञांनी पुरस्कार केलेला उपाय असा की, विनक्रिस्टिन पिचकारीत भरूच नये. ते ५० मिलिलिटरच्या सलाइनच्या छोट्या पिशवीत विरल करून पाठवावे. एवढा द्रव मेरुद्रवात सोडण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही आणि कण्यात घालावयाच्या सुईस ती पिशवी कोणी जोडणारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली या पद्धतीची शिफारस केली. याचे वैशिष्ट्य असे की, येथे कोणास अधिक सावध राहण्याचा उपदेश केलेला नाही. चूक करण्याची सोयच काढून घेतली आहे. याला खर्च येतो एका सलाइनच्या पिशवीचा. महाराष्ट्रातील जेथे जेथे विनक्रिस्टिन दिले जाते त्या प्रत्येक ठिकाणी ही पद्धत कटाक्षाने पाळली जावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

औषध सिद्ध करण्याची खोली पाहावयास मिळाली तर वाचकाने अवश्य पाहावी. वारा वरून खाली, गाळण्यांतून शुद्ध होऊन वाहत असलेले काचेचे कपाट, त्यात कोपरापर्यंत हात घालून, दोन दोन हातमोजे चढवून व न झिरपणारा अंगरखा घालून बसलेली व्यक्ती, असे ते दृश्य असते. या कपाटाचा हेतू दुहेरी आहे. औषधात जंतू जाऊ नयेत हा एक, आणि औषध सिद्ध करणाऱ्याच्या अंगात औषध जाऊ नये हा दुसरा. फिनलंडमधील फाल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्रात जनुकांत बदल घडविणारी द्रव्ये अधिक आढळतात असे दाखविले, तेव्हापासून हा दुसरा हेतू जगभर मान्य झाला. त्यापूर्वी, आणि दुर्दैवाने त्यानंतरही पुष्कळ ठिकाणी, ही औषधे वॉर्डाच्या कोपऱ्यातील टेबलावर उघड्या हवेत मिसळली जात. तसे करणाऱ्या बहुतेक परिचारिका तरुण स्त्रिया असत, हे येथे नमूद केले पाहिजे.

मिसळण्याचे शास्त्रही वाटते तितके सोपे नाही. सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन ही तिन्ही प्लॅटिनमची सख्खी भावंडे. परंतु सिस्प्लॅटिनला सलाइनच हवे, कारण सलाइनमधील क्लोराइडमुळे त्याचा रेणू स्थिर राहतो. याउलट ऑक्झॅलिप्लॅटिन त्याच क्लोराइडमुळे बिघडते, म्हणून ते ग्लुकोजच्या द्रावणातच घालावे लागते. पॅक्लिटॅक्सेल ज्या तेलकट द्रावकात विरघळविलेले असते तो द्रावक नेहमीच्या पीव्हीसीच्या पिशवीतील प्लॅस्टिक मऊ करणारे द्रव्य ओढून घेतो. त्यासाठी काचेची बाटली अथवा निराळ्या जातीची पिशवी, आणि वाटेत बारीक गाळणी लागते. नावांची सारखेपणाची अडचण आणखी निराळी. विनब्लास्टिन-विनक्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन-डॉनोरुबिसिन, सिस्प्लॅटिन-कार्बोप्लॅटिन या जोड्या घाईत लिहिलेल्या अक्षरात जुळ्या भावांप्रमाणे दिसतात. कार्बोप्लॅटिनची शेकड्यांतील मात्रा सिस्प्लॅटिनच्या नावापुढे पडली तर काय होईल हे वेगळे सांगावयास नको. म्हणून सिस्प्लॅटिन एका फेऱ्यास दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅमहून अधिक मागविले गेले की औषधतज्ज्ञाने हातातले काम थांबवून डॉक्टरांना विचारावे, असा दंडक आहे.

खर्चाचा प्रश्नही याच खोलीत सुटतो किंवा अडतो. बॉर्टेझोमिबची एक कुपी साडेतीन मिलिग्रॅमची असते आणि मात्रा दर चौरस मीटरला १.३ मिलिग्रॅम. पृष्ठक्षेत्र १.३ असलेल्या कृश रोग्यास जेमतेम १.७ मिलिग्रॅम लागतात. उरलेले निम्मे औषध त्या दिवशी दुसरा रोगी नसेल तर टाकून द्यावे लागते, कारण विरघळविल्यानंतर ते काही तासच टिकते. असे दोन रोगी एकाच दिवशी, एकाच वेळेस बोलाविले तर एका कुपीत दोघांचे भागते. यासाठी नवा शोध लागत नाही. मंगळवारच्या आणि गुरुवारच्या याद्या एकत्र पाहणारा कोणीतरी लागतो. सरकारच्या औषधमूल्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगावरील ४२ औषधांच्या विक्रीतील नफा तीस टक्क्यांपर्यंत मर्यादित केला त्याचा लाभ रोग्यांस झाला. पण टाकून दिलेल्या अर्ध्या कुपीची किंमत कोणत्याही आदेशाने कमी होत नाही.

यानंतर औषधतज्ज्ञाच्या कामाचा तो भाग, ज्यास खोली नाही, कपाट नाही आणि सूत्रही नाही. तो म्हणजे रोग्याशी बोलणे. "मावशी, आमच्या औषधाखेरीज घरी आणखी काय घेता?" असे विचारल्यास पहिले उत्तर बहुधा "काही नाही" असे येते. थोडे थांबून, पिशवी उघडावयास सांगितल्यावर, तीतून गुडघेदुखीच्या गोळ्या, कोणा वैदूने दिलेली पुडी आणि कधी क्षयरोगाच्या गोळ्याही निघतात. क्षयावरील रिफॅम्पिसिन यकृतातील पाचकद्रव्यांस असे चेतविते की, रक्ताच्या एका कर्करोगावर रोज घ्यावयाचे इमॅटिनिब शरीरातून भराभर नाहीसे होते. रोगी गोळी नियमाने घेतो आणि रोग मात्र वाढतो. मेथोट्रेक्सेट चालू असता साध्या वेदनाशामक गोळ्या किंवा को-ट्रायमोक्सॅझोल घेतले तर ते शरीरात साचून किंवा त्याचा विषारी परिणाम वाढून तोंडापासून मज्जेपर्यंत सर्वत्र इजा होऊ शकते. वैदूची पुडी पाहून रोग्यास रागावण्यात अर्थ नसतो. रागावले की पुढच्या खेपेस पुडी घरी राहते आणि रोगी येतो.

येथे नाशिककरांपुरती एक सूचना. इमॅटिनिबसारख्या कित्येक गोळ्यांच्या माहितीपत्रात 'ग्रेपफ्रूट' वर्ज्य सांगितलेले असते. ज्या गावच्या शिवारात द्राक्षाशिवाय दुसरे काही दिसत नाही तेथे हा शब्द वाचून किंवा ऐकून द्राक्षेच बंद करण्याचा प्रसंग सहज येण्यासारखा आहे. ग्रेपफ्रूट हे द्राक्ष नव्हे. ते लिंबाच्या कुळातील, आपल्या पपनसाचे जवळचे नातलग असलेले फळ. त्याच्या रसाने आतड्यातील औषधे मोडणारे द्रव्य निकामी होते आणि औषध अपेक्षेहून अधिक प्रमाणात रक्तात शिरते. पपनसातही तोच दोष असल्याने ते टाळावे. दिंडोरीची किंवा निफाडची द्राक्षे या कारणासाठी टाळण्याची आवश्यकता नाही. ती नीट धुऊन घ्यावी इतकेच. ज्या रोग्यास चार घास गोड लागत नाहीत त्याच्या तोंडचे फळ भाषांतराच्या चुकीने हिरावले जावे, ही गोष्ट लहान म्हणता येत नाही.

तोंडाने घ्यावयाच्या औषधांचे धोके निराळे. कॅपेसिटाबिन बहुधा चौदा दिवस घेऊन सात दिवस थांबावयाचे असते. हे थांबणे रोग्यास पटणे कठीण जाते. औषध चांगले आहे, तर मग ते बंद का ठेवावयाचे? दिनदर्शिकेवर चौदा दिवसांना खुणा करून देणे आणि गोळ्या मोजून तेवढ्याच देणे, हा उपाय शंभर सूचनांपेक्षा उपयोगी पडतो. तद्वतच तापाचे. रसायनोपचारानंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवशी रक्तातील श्वेतपेशी सर्वांत खाली उतरतात. त्या काळात ताप १००.४ अंश फॅरेनहाइटला पोहोचला तर तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहत बसणे जिवावर बेतू शकते. त्याच रात्री रुग्णालय गाठावे लागते. शेवटची एस.टी. संध्याकाळी निघून जाते अशा गावच्या रोग्यास हे नुसते सांगून भागत नाही. तापमापक घरी आहे काय, तो वाचता कोणास येतो, रात्री वाहन कोणाकडून मिळेल, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावयाचा कागद बरोबर आहे काय, हे सर्व पहिल्या फेऱ्याच्या दिवशीच ठरवून घ्यावे लागते. औषधशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात एस.टी.चे वेळापत्रक नसते, परंतु या कामात ते लागते.

आता या कामास आपल्याकडे मान्यता किती, ते पाहू. १९४८ च्या औषधव्यवसाय कायद्याने नोंदणीकृत औषधतज्ज्ञ ही संस्था देशात निर्माण झाली. सहा वर्षांचा, रुग्णसंबंधी शिक्षणावर भर देणारा फार्म.डी. हा अभ्यासक्रम २००८ साली सुरू झाला आणि २०१५ च्या औषधव्यवसाय नियमांनी रोग्यास समजावून सांगणे हे औषधतज्ज्ञाचे कर्तव्य ठरविले. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ रुग्णालयांत तो भांडार सांभाळणारा, खरेदीचे दर मिळविणारा कर्मचारीच समजला जातो. अमेरिकेत कर्करोग-औषधतज्ज्ञ ही स्वतंत्र परीक्षा असलेली शाखा म्हणून १९९६ सालीच मान्य झाली होती. नाशिकची स्थिती थोडी चमत्कारिक आहे. वैद्यक व परिचर्या या शाखांचे राज्यव्यापी आरोग्यविज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. औषधनिर्माणशास्त्राची येथील महाविद्यालये मात्र बव्हंशी पुणे विद्यापीठाशी संलग्न. परिणामी डॉक्टर, परिचारिका आणि औषधतज्ज्ञ यांची विद्यार्थिदशेत गाठच पडत नाही. ते प्रथम भेटतात ते वॉर्डात, आणि तेव्हा तिघांपैकी एकाने दुसऱ्याच्या लेखनावर शंका घ्यावयाची असते. ही शंका अपमान म्हणून ऐकली जाते की साहाय्य म्हणून, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. ज्येष्ठ तज्ज्ञाने लिहिलेल्या मात्रेबद्दल चोवीस वर्षांच्या मुलीने दूरध्वनी उचलून "सर, हे एकदा पाहता का?" असे विचारणे सोपे नसते; आणि ती उत्तर मिळेपर्यंत औषध सिद्ध करणार नाही, असा अधिकार तिला लेखी दिलेला नसेल तर ते अधिकच अवघड होते.

शंका न घेतल्यास काय होते याचे उदाहरण, विचित्र योगायोगाने, फार्बर यांचेच नाव धारण करणाऱ्या बॉस्टनच्या संस्थेतील आहे. १९९४ साली तेथे स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या, एका प्रसिद्ध वृत्तपत्रात आरोग्यविषयक लेखन करणाऱ्या स्त्रीस सायक्लोफॉस्फमाइडची चार दिवसांची एकूण मात्रा दररोज, चारही दिवस, देण्यात आली. उपचारपत्रावरील आकडा एकूण मात्रेचा होता, तो दैनिक समजला गेला. डॉक्टर, परिचारिका, औषधतज्ज्ञ यांच्यापैकी कोणीही तो अडविला नाही. डिसेंबरमध्ये ती मृत्यू पावली. पुढे फेब्रुवारी १९९५ मध्ये संशोधनाच्या नोंदी जुळविताना चूक उघडकीस आली, तोपर्यंत ती कोणाच्याच लक्षात आली नव्हती. त्या संस्थेने यानंतर आपली सर्व औषधव्यवस्था नव्याने रचली आणि आज ती या विषयात आदर्श मानली जाते. जगातील उत्तमांपैकी एका संस्थेत हे घडू शकते, तर जिल्हा पातळीवर नव्याने उघडणाऱ्या केंद्रांत ते घडणार नाही असे गृहीत धरण्यास कोणताही आधार नाही.

अशा नव्या केंद्रात आरंभी एकच औषधतज्ज्ञ असेल, कदाचित कपाटही येण्यास विलंब लागेल, आणि तोवर औषध मोठ्या रुग्णालयातून सिद्ध होऊन यावे लागेल. तरीही काही गोष्टी पहिल्या दिवसापासून करता येण्याजोग्या आहेत. दर खेपेस वजन करणे आणि निदान एकदा तरी उंची प्रत्यक्ष मोजणे. मात्रेचा हिशेब दोघांनी, एकमेकांचा न पाहता, करून मग ताडून पाहणे. विनक्रिस्टिन पिशवीतूनच पाठविणे. आणि एक वही ठेवणे. टळलेली चूक कोठेही दिसत नाही. जी घडली नाही तिची ना तक्रार होते ना चौकशी, आणि म्हणूनच औषधतज्ज्ञाच्या पदाची आवश्यकता विचारली गेली की त्यास दाखविण्यासारखे काही नसते. या वहीत तारीख, औषध, आलेली शंका, ज्यांना विचारले त्यांचे उत्तर आणि अखेर दिलेली मात्रा असे पाच रकाने पुरेत. उत्तराच्या रकान्यात 'मात्रा बदलली' हे जसे लिहावयाचे तसेच 'मात्रा बदलली नाही' हेही, कारणासह, लिहावयाचे; कारण औषधतज्ज्ञाची शंका पुष्कळदा चुकीचीही निघते, आणि रोग्याची अवस्था जाणून डॉक्टरांनी हेतुतः घेतलेला निर्णय त्यातून त्यास शिकावयास मिळतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्याकडे पाठवावयाची माहितीही याच वहीतून उतरविता येईल. विभागातील विद्यार्थ्यांनी नाशिकच्या एखाद्या रुग्णालयाच्या अनुमतीने अशी वर्षभराची वही, रोग्यांची नावे वगळून, अभ्यासावयास घेतल्यास उंचीचा रकाना किती वेळा रिकामा होता, एवढीच मोजणी प्रथम करावी असे सुचवावेसे वाटते.